झिलई पुसू नका

पोरांनो, मृग तोंडावर आला आहे. पहिले दोन-चार जोराचे पाऊस झाले की नाले भरतात, पर्लकोटा नदी फुगते आणि भामरागडचा रस्ता कधी बंद होईल याचा नेम राहत नाही. २०१९ च्या पावसाळ्यात भामरागडला पुराने किती वेळा वेढलं, ते तुम्ही पाहिलं आहे. अशा दिवसांत मोटार रिवायंडिंगचं बरं दुकान गाठायचं, तर हेमलकशाहून आलापल्ली साठेक किलोमीटर, आणि तिथे काम झालं नाही तर थेट चंद्रपूर. जनरेटरमधला बोटाच्या पेराएवढा कार्बन ब्रश, म्हणजे आपला कार्बन, संपला म्हणून अख्ख्या गावाने अंधारात बसावं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून माझ्या उस्तादांनी मला जे सांगितलं आणि चाळीस वर्षांत हाताला जे कळलं, ते आज तुमच्या कानात घालतो.

हेमलकशाच्या या जागेला उजेडाची किंमत सांगावी लागत नाही. २३ डिसेंबर १९७३ ला बाबा आमट्यांनी इथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला, डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे इथे राहायला आले, तेव्हा वीज नव्हती आणि पुढे कित्येक वर्षं आली नाही. कंदिलाच्या उजेडात माणसं तपासली, जखमा शिवल्या. आज खांबावरून वीज येते, छपरावर सोलर आहे. तरी वादळात झाड तारेवर पडलं की जुना जनरेटरच आठवतो. आणि जनरेटर बाजूला ठेवला तरी कार्बन सुटत नाही. ड्रिल, ग्राइंडर, मिक्सर, ट्रॅक्टरचा अल्टरनेटर, जीपचा सेल्फ, सगळ्यांच्या पोटात तो आहेच.

कार्बन झिजायलाच असतो, रिंग नाही

फिरणाऱ्या भागात करंट द्यायचा, तर स्थिर भागातून फिरत्या भागावरच्या धातूच्या रिंगवर काहीतरी घासत राहिलं पाहिजे. सुरुवातीच्या डायनमोत तांब्याच्या तारांची जुडी घासायची, म्हणून त्याला ब्रश म्हणू लागले. तांब्यावर तांबं घासून दोन्ही खराब व्हायची. १८८५ च्या सुमाराला जॉर्ज फोर्ब्स या स्कॉटिश संशोधकाने तांब्याच्या जागी कार्बन वापरायचं सुचवलं. जुडी गेली, नाव राहिलं.

कार्बन स्वतः झिजतो आणि रिंग वाचवतो. त्याची नोकरीच ती आहे. हिशेब करून पाहा. १० सेंटीमीटर व्यासाची रिंग मिनिटाला १५०० फेरे घेते. एका फेऱ्यात कार्बनखालून ३१ सेंटीमीटरवर रिंग सरकते. पाच तास जनरेटर चालला, तर कार्बन रिंगवर १४१ किलोमीटर घासला. हेमलकशाहून आलापल्लीला जाऊन परत येण्यापेक्षा जास्त, आणि तेही एका संध्याकाळी. एवढं चालूनही चांगला कार्बन शंभर तासांत मिलिमीटरभर, कधी त्याहूनही कमी झिजतो. तेव्हा कार्बन झिजला म्हणून त्याच्यावर चिडू नका. लवकर झिजला, तर का झिजला, ते शोधा. कारण न शोधता नवा टाकलात, तर तोही त्याच वाटेने जाईल.

रिंगची झिलई म्हणजे तव्याची झिलई

आता सगळ्यांत मोठा मंत्र. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हा विसरू नका.

नवीन होतो तेव्हा उस्तादांनी मला एक जनरेटर उघडायला लावला. रिंग चॉकलेटी, गडद, कॉफीसारखी दिसत होती. मला वाटलं, मळ चढला. मी पॉलिश पेपर घेऊन घासायला बसलो. पितळ सोन्यासारखं चमकायला लागलं आणि मी खूश. उस्ताद आले, बघितलं आणि माझा हातच धरला. "काऊन घासतेस रे? तुले चमक पाह्यजे का करंट पाह्यजे?" मग त्यांनी मला घरात नेलं आणि चुलीवरचा बिडाचा तवा दाखवला. "तुह्या मायने हा तवा राखेनं घासून चकचकीत केला, तर उद्या भाकर निघंन का?"

तेव्हापासून मी रिंग तव्यासारखी पाहतो. वर्षानुवर्षं वापरलेल्या तव्यावर जशी काळी, गुळगुळीत झिलई चढते आणि भाकर चिकटत नाही, तशीच रिंगवर आणि पट्ट्यापट्ट्यांच्या कम्युटेटरवर एक पातळ झिलई चढते. ती धातूच्या ऑक्साइडची, ग्राफाइटच्या सूक्ष्म कणांची आणि हवेतल्या ओलाव्याची असते. तिच्यावरून कार्बन अलगद सरकतो. ती खरवडली की कार्बन थेट उघड्या धातूवर घासतो, ठिणगी वाढते, झीज वाढते, आणि नवी झिलई चढेपर्यंत मशीन रडतं.

म्हणून रिंग बघताना रंग बघा. सगळीकडे सारखी, हलकी चकाकी असलेली तपकिरी, चॉकलेटी किंवा गडद राखाडी झिलई असेल, तर हात लावू नका. कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने वरची धूळ पुसा आणि झाकण लावा. पण एखाद्या जागी काळा जळका डाग असेल, रिंगवर बारीक रेषा खोदल्या गेल्या असतील, तांबं किंवा पितळ उघडं चमकत असेल, नखाला खाच लागत असेल, तर आजार आहे. कम्युटेटरवर एकाआड एक पट्टी काळी पडली असेल, तर दोष बहुतेक कार्बनमध्ये नसतो, आर्मेचरच्या वायंडिंगमध्ये किंवा जोडणीत असतो. तिथे कितीही कार्बन बदला, उपयोग होणार नाही.

हात घालण्याआधी

मशीन बंद करा. बेल्ट काढा, म्हणजे कोणी चुकून इंजिन सुरू केलं तरी फिरणार नाही. बॅटरीची वायर सोडा. जनरेटर खोलीत हात घालण्याआधी टॉर्च मारून कोपरे बघा. थंडीत आणि पावसात उबेसाठी साप इंजिनाच्या आसपास येतात, हे तुम्हाला जंगलात वाढलेल्यांना मी काय सांगावं.

जनरेटरच्या जाळीच्या भोकांतही बघा. कुंभारीण माशी तिथे मातीचं घर करते. ती माती कार्बनच्या होल्डरमध्ये पडली की कार्बन अडकतो आणि रिंगवर ओरखडे काढतो. हे मी दोनदा पाहिलं आहे. मे महिन्यात जाळी झाकायला बारीक जाळीचं कापड बांधा, आणि मशीन सुरू करण्याआधी ते काढायला विसरू नका. नाहीतर वायंडिंग तापेल.

कार्बन स्वतःच्या वजनाने सरकला पाहिजे

कार्बन होल्डरमध्ये वर-खाली मोकळा सरकला पाहिजे. स्प्रिंग बाजूला केली आणि कार्बन स्वतःच्या वजनाने खाली सरकला, तर ठीक. अडकला, तर स्प्रिंग कितीही चांगली असो, रिंगपर्यंत दाब पोचतच नाही. अडकण्याची कारणं दोन. एक, तेल आणि धूळ मिळून झालेली चिकट लापशी. इंजिनाचं ऑइल उडतं, राइस मिलमध्ये कोंड्याची धूळ उडते, दोन्ही मिळाली की होल्डर बंद. दुसरं, चुकीच्या मापाचा कार्बन कोणीतरी कानशीने घासून बसवलेला असतो. कार्बन होल्डरमध्ये जरासा सैल हवा, पण कागदाएवढाच, डुलेल इतका नाही.

होल्डर कोरड्या कापडाने पुसा. पेट्रोल किंवा केरोसीन ओतू नका. कार्बन स्पंजसारखा असतो, तो तेल पितो आणि मग रिंगवर काळा चिकट थर जमवत राहतो. तेल प्यालेला कार्बन धुऊन वापरू नका, टाकून द्या. ग्रीस, स्प्रे, चकचकीत करणारं काहीही रिंगवर मारू नका. बंदिस्त मशीनमध्ये सिलिकॉनचं सीलंट तर अजिबात लावू नका. त्याची वाफ ठिणगीत जळते आणि तिच्यातून वाळूसारखा कठीण कण तयार होतो. तोच मग कार्बन खातो.

होल्डर रिंगपासून दोन ते तीन मिलिमीटर अंतरावर ठेवा. जास्त वर राहिला, तर कार्बन डुलतो आणि कडा फुटतात.

ढिल्या स्प्रिंगनेच जास्त झीज होते

सगळ्यांना वाटतं, दाब जास्त तर झीज जास्त, म्हणून स्प्रिंग ढिली केली की कार्बन टिकेल. उलट होतं. दाब कमी असला की कार्बन रिंगवर नीट बसत नाही, उडतो, आणि प्रत्येक उडीला ठिणगी पडते. ती ठिणगी कार्बनही जाळते आणि रिंगही. दाब फार वाढला तर घासून झीज होते, हे खरं, पण दाब कमी असला की जळून होणारी झीज त्याहून वाईट.

साध्या जनरेटरच्या कार्बनला दर चौरस सेंटीमीटरला साधारण १८० ते २२० ग्रॅम दाब लागतो. मोजायला महागडं साधन नको. मासे तोलायचा हुकाचा छोटा काटा पुरतो. कार्बन आणि रिंग यांच्यामध्ये कागदाची पातळ पट्टी घाला. काट्याचा हुक स्प्रिंगच्या टोकाला लावून सरळ वर ओढा आणि दुसऱ्या हाताने कागद हळूच ओढत राहा. कागद ज्या क्षणी सुटतो, त्या क्षणाचं वजन म्हणजे दाब. समजा कार्बनचं तोंड १० बाय १६ मिलिमीटर आहे. म्हणजे १.६ चौरस सेंटीमीटर. मग काट्यावर २९० ते ३५० ग्रॅमच्या आसपास यायला हवं. एका स्प्रिंगवर ३२० आणि शेजारच्या स्प्रिंगवर २०० आलं, तर २०० वाली बदला. गाडीवरच्या मशीनला हादरे बसतात, तिथे स्प्रिंग मुळातच जास्त जोराची असते, त्यांना हा आकडा लावू नका.

सगळे कार्बन सारखे दाबलेले असले पाहिजेत, कारण यात एक खोच आहे. कार्बन तापला की त्याचा रोध कमी होतो. तांबं तापलं की रोध वाढतो, कार्बनचं उलटं. म्हणजे चार कार्बनांमधला एक जास्त तापला, की करंट आणखी त्याच्याकडेच जातो. तो आणखी तापतो, आणखी करंट ओढतो. बाकीचे रिकामे बसतात. त्याला जोडलेली तांब्याच्या तारेची वेणी निळसर-काळी पडलेली दिसली, की समजा, हा एकटाच सगळा भार वाहत होता. दोष त्याचा नाही, शेजारच्यांची स्प्रिंग ढिली आहे.

नवा कार्बन आधी रिंगच्या वळणावर बसवा

नव्या कार्बनचं तोंड सपाट असतं आणि रिंग गोल. तसाच टाकलात, तर फक्त एक रेघ टेकते आणि सगळा करंट त्या रेघेतून जातो. म्हणून काचपेपरची पट्टी रिंगभोवती घट्ट गुंडाळा, खरबरीत बाजू वर, कार्बनकडे. मग मशीन ज्या दिशेने फिरतं त्या दिशेने पट्टी ओढा. परत आणताना कार्बन उचलून धरा. पट्टी रिंगला चिकटून राहिली पाहिजे, नाहीतर कार्बनच्या कडा गोल होतात. तोंडाचा निदान ऐंशी टक्के भाग खरबरीत, एकसारखा दिसला की बसवणी झाली.

एमरी पेपर वापरू नका. त्यातले कठीण कण कार्बनमध्ये रुततात आणि मग कार्बन स्वतःच कानस होतो. साधा काचपेपर घ्या, आधी मध्यम आणि शेवटी बारीक. नंतरची धूळ काढल्याशिवाय मशीन सुरू करू नका. कार्बनची धूळ करंट वाहते. होल्डरच्या बुडाशी, वायंडिंगच्या फटीत ती साचली की तिथूनच करंट अर्थला गळतो. तोंडाने फुंकर घालू नका, ती आत जाते. रंगाचा मऊ ब्रश घ्या, बाहेरच्या बाजूला झाडा, कापडाने पुसा. इन्सुलेशन मोजायचा मेगर असेल, तर आधी डायोडचा ब्रिज आणि व्होल्ट सांभाळणारा एव्हीआर सोडवा, मग मोजा. एक मेगाओहमच्या खाली आलं, तर साफसफाई अजून झालेली नाही किंवा वायंडिंग ओलं आहे.

दोन जातींचे कार्बन एकत्र बसवू नका. कंपनीचे चार सारखे घ्या, चारही एकदम बदला. एक मऊ आणि तीन कठीण असले, की करंटची वाटणी बिघडते. ज्या मशीनला जो नंबर लिहिला आहे, तोच नंबर घ्या. दिसायला सारखा म्हणजे सारखा नव्हे. तांबं मिसळलेला लालसर कार्बन सेल्फला लागतो. तो जनरेटरच्या रिंगवर बसवला, तर रिंग खाईल.

बदलायचा कधी? मूळ लांबीच्या एक-तृतीयांश उरला की बदला. वेणी जिथे रुतलेली असते, तो भाग रिंगला लागेपर्यंत थांबू नका. वेणीचं तांबं रिंगवर घासलं, की एका दिवसात खाच पडते.

उन्हाळा वेगळा, पावसाळा वेगळा

झिलईला ओलावा लागतो, हे वर सांगितलं. दुसऱ्या महायुद्धात फार उंच उडणाऱ्या विमानांत जनरेटरचे कार्बन तासाभरात भुगा व्हायचे. विमान उंच गेलं की हवा इतकी कोरडी, की ग्राफाइट सरकायला लागणारी वाफच राहत नाही. शेवटी कार्बनमध्येच वेगळी औषधं मिसळून उपाय काढला. हे ऐकून कोणी म्हणेल, मग चंद्रपूरचा मे महिना? पंचेचाळीस अंश, ओठ फुटतात, तिथे कार्बन कसा टिकतो? पोरांनो, आपल्याला जे कोरडं वाटतं, ते कार्बनला कोरडं नसतं. पंचेचाळीस अंशांना १५ टक्के आर्द्रता असली, तरी एका घनमीटर हवेत दहाएक ग्रॅम पाणी असतं. कार्बनला अडचण तीन ग्रॅमच्या खाली येते. म्हणजे आपल्या उन्हाळ्यात कार्बन मरतो, तो धुळीने आणि तापल्याने, कोरडेपणाने नाही. उन्हाळ्यात जाळी आणि पंखा साफ ठेवा, एवढं पुरे.

पावसाळ्यात मात्र उभं राहिलेलं मशीन बिघडतं. महिनाभर जनरेटर बंद असला आणि कार्बन रिंगवर टेकलेले असले, तर दमट हवेत रिंगवर कार्बनच्या मापाचा ठसा उमटतो. नंतर सुरू केलं की तो ठसा प्रत्येक फेऱ्याला कार्बनला उडवतो. म्हणून वापरात नसलेल्या मशीनचे कार्बन उचलून ठेवा, किंवा कार्बन आणि रिंगमध्ये जाड कागदाची पट्टी घाला. पट्टीवर लाल चिंधी बांधा, म्हणजे सुरू करण्याआधी ती काढायची आठवण राहील. आठवड्यातून एकदा अर्धा तास चालवलं, तर आणखी बरं. वायंडिंग कोरडं राहतं.

खूप दिवसांनी सुरू केला आणि इंजिन फिरतं पण व्होल्ट येत नाहीत, तर घाबरून वायंडिंग सोडू नका. आधी कार्बन टेकले आहेत का, कागद राहिला आहे का, रिंगवर हिरवा गंज चढला आहे का, ते पाहा. सगळं ठीक असेल, तर लोखंडातलं उरलेलं चुंबकत्व गेलेलं असतं. मशीन थांबवून, एव्हीआर किंवा डायोडच्या वायरी सोडून, बारा व्होल्टच्या बॅटरीचा प्लस प्लसच्या कार्बनला आणि मायनस मायनसच्या कार्बनला चार-पाच सेकंद लावा. मध्ये गाडीचा बल्ब घाला, म्हणजे करंट आवाक्यात राहील. मग बॅटरी काढा, वायरी लावा, मशीन सुरू करा.

इथेच आणखी एक गोष्ट. प्लस आणि मायनस अशा दोन रिंगांपैकी एक जास्त झिजते, कारण प्लसच्या आणि मायनसच्या कार्बनखाली झिलई वेगळी बनते. म्हणून चंद्रपूरसारख्या मोठ्या औष्णिक केंद्रांत जिथे रिंगवाले जनरेटर असतात, तिथे ठराविक दिवसांनी प्लस-मायनस आलटून-पालटून जोडतात, म्हणजे दोन्ही रिंगा सारख्या झिजतात. तुमच्या लहान जनरेटरमध्ये हे करायला जाऊ नका. तो स्वतःच्याच चुंबकत्वावर उठतो. वायरी उलट्या केल्या, तर ते चुंबकत्वच मारलं जातं आणि व्होल्ट येत नाहीत. मोठ्या केंद्रातली युक्ती लहान मशीनवर लावण्याआधी नेहमी विचारा, की तिथे फील्डला, म्हणजे फिरत्या चुंबकाच्या वायंडिंगला, करंट कुठून येतो.

सेलची कांडी एका रात्रीपुरतीच

आता माझी चूक सांगतो. एका गावात लग्न होतं. संध्याकाळी जनरेटर बंद पडला. उघडला, तर कार्बनचा फक्त तुकडा उरलेला. दुसरा नव्हता. मी टॉर्चचा जुना सेल फोडला, आतली काळी कांडी काढली, दगडावर घासून चौकोनी केली आणि होल्डरमध्ये बसवली. उजेड आला. लग्न लागलं. बायाबापड्यांनी मला जेवायला वर बसवलं.

मी तिथेच थांबायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी खरा कार्बन आणायचं ठरवलं होतं, पण चालतंय म्हणून राहून गेलं. सेलची कांडी कठीण असते, ती ग्राफाइटसारखी सरकत नाही, खरवडते. तिला तांब्याची वेणी नसते, त्यामुळे सगळा करंट स्प्रिंगमधून जातो, स्प्रिंग तापते आणि तिचा जोर जातो. दीड महिन्याने मी रिंग पाहिली, तेव्हा नखाने मोजता येतील अशा खाचा पडल्या होत्या. ऐन पावसाळ्यात रोटर काढून चंद्रपूरला लेथवर पाठवावा लागला. नाले भरलेले, रस्ता बंद. गावात तीन आठवडे उजेड नव्हता. एका कार्बनच्या आळसापायी. त्या तीन आठवड्यांत मला एकाही माणसाने बोल लावला नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

म्हणून कांडी वापरा, अडचणीला वापरा, पण एका रात्रीपुरती. सकाळी जो पहिला माणूस आलापल्लीला निघेल, त्याच्या हातात जुना कार्बन द्या आणि नवा मागवा.

ठोकल्यावर चालणारा सेल्फ

जीपचा सेल्फ फिरत नाही, पाना घेऊन बॉडीवर ठोकला की फिरतो. इथल्या प्रत्येक ड्रायव्हरला ही युक्ती माहीत आहे. पण ठोकल्यावर का चालतो, ते कळलं पाहिजे. आतला कार्बन संपत आला आहे किंवा होल्डरमध्ये अडकला आहे. ठोकल्याने तो जरासा सरकतो आणि टेकतो. म्हणजे ठोकून चालला, तर तो बरा झाला नाही, त्याने शेवटची सूचना दिली. रात्री पेशंट घेऊन निघालेली गाडी घाटात बंद पडण्याआधी त्याच आठवड्यात सेल्फ उघडा.

वही ठेवा

एका जुन्या वहीत लिहा. मशीन कोणतं, कार्बनचा नंबर काय, नवा बसवला तेव्हा लांबी किती, तारीख, किती तास चालला. दर महिन्याला पट्टीने मोजा. समजा ४०० तासांत चार मिलिमीटर झिजला, तर शंभर तासांना एक. बदलायच्या खुणेपर्यंत १२ मिलिमीटर उरले, तर १२०० तास मिळतील. रोज पाच तास म्हणजे २४० दिवस. म्हणजे पुढचा पावसाळा यात निघेल की नाही, ते तुम्हाला आजच कळतं. आणि झीज अचानक दुप्पट झाली, तर वहीच आधी सांगते, की आत काहीतरी बिघडलं आहे.

पोरांनो, आमच्या उस्तादांना लिहिता येत नव्हतं. ते होल्डरच्या बाजूला खडूने रेघा मारायचे. रेघा मोजूनच ते सांगायचे, की हा कार्बन दिवाळीपर्यंत जातो, हा पोळ्यालाच संपतो. त्यांचा अंदाज क्वचितच चुकला.

तेव्हा या आठवड्यात एवढं करा. गावातलं प्रत्येक मशीन उघडा. रिंगचा रंग बघा, कार्बन मोकळा सरकतो का बघा, काट्याने दाब मोजा. प्रत्येक मशीनच्या नंबरचे कार्बनचे दोन जोड औषधाच्या रिकाम्या डबीत घाला, डबीवर नंबर लिहा आणि ती जनरेटर खोलीत खिळ्याला टांगा. हे सगळं मृगाच्या आधी झालं पाहिजे. आणि चॉकलेटी रिंग दिसली की, बाबांनो, पॉलिश पेपर खाली ठेवा.